649 रुपयांची बाहुली आणि तिच्या बगलेतला लाल बाण

आधी हिशेब सांगून टाकते. बाहुलीची किंमत 649, भाव करून 620 ला दिली. जळगावात फुले मार्केटच्या मागच्या गल्लीतून घेतली. उंची सव्वा फूट, डोकं आणि हातपाय प्लास्टिकचे, धड कापडी, अंगात गुलाबी फ्रॉक, पोट दाबलं की इंग्रजीत गाणं म्हणते. पाचपैकी तीन स्टार देते. कापलेल्या दोनपैकी एक दुकानदाराच्या खात्यावर. दुसरा कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवत होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक धुळ्याहून माहेरी आली, सोबत साडेचार वर्षांची नात. आखाजीच्या दिवसांतलं जळगाव कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारच्या कडुनिंबाला झोका बांधला होता, पण त्यावर बसायचं ते ऊन उतरल्यावर. सांजोऱ्या खाऊन झाल्या, आमरस ओरपून झाला, मोबाइल बघून झाला, मग पोरीने भोकाड पसरलं. संध्याकाळी तिला मार्केटात नेलं. दुकानात शिरल्या शिरल्या तिने हीच बाहुली कवटाळली. दुकानदाराने तेवढ्यात ओळखलं की आता भाव फार उतरवायची गरज नाही.

मी एवढं बारीक का लिहिते ते सांगते. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी 22 वर्षं काढली. जळगावची प्लास्टिकची चटई तुम्ही मांडवात, सप्त्यात, नाहीतर गच्चीवर उन्हाळ्यात अंथरली असेलच. तिच्या कडेला जी कापडी पट्टी असते, गोट म्हणतो आम्ही, ती शिवायला मी लागले 1993 साली, आणि शेवटची नऊ वर्षं चेकिंगला होते. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची आणि शिवण बघायची, ही खोड लागली ती लागलीच. आहेरात आलेल्या साडीचा फॉल पण मी आधी उलटून बघते. सून हसते.

तर बाहुली. चांगलं आहे ते आधी. केस फार उत्तम बसवलेत. स्वस्तातल्या बाहुलीचे केस नुसते चिकटवलेले असतात, दोन आंघोळींत टक्कल. हिचे केस डोक्यात ओवलेले आहेत. केस बाजूला करून बघितलं तर ओळीत बारीक बारीक भोकं आणि प्रत्येक भोकातून झुपका. मी नातीसमोर चांगले ओढून बघितले, एकही निघाला नाही. नात रडली ते वेगळं. डोक्याला कुठेही सांध्याची रेघ नाही, हातांना मात्र आहे, आतल्या बाजूने, मनगटापासून खांद्यापर्यंत. ती पात्याने तासलेली आहे आणि नीट तासलेली आहे, अंगठा फिरवला तर बोचत नाही. डाव्या डोळ्याची पापणी केसभर वर गेलीय. त्यामुळे बाहुली जरा आश्चर्य वाटल्यासारखी बघते. नातीला तेच आवडलं, मी त्याचे मार्क कापत नाही. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे, लहान मुलाला उघडत नाही, हे बरं. आवाज फार मोठा आहे, हे बरं नाही. कमी करायचं बटण नाही. लेकीने स्पीकरच्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावली.

तिसऱ्या दिवशी डाव्या बगलेतली शिवण उसवली. ओढाताण नाही, काही नाही. नात तिला खांद्यावर घेऊन फिरत होती, तेवढ्यानं दोन बोटं जातील एवढं भोक पडलं आणि पांढरा फायबर बाहेर.

मी पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. बिल नव्हतंच, चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता. तो म्हणाला, "मावशी, चायना माल आहे, याला गॅरंटी नसते. चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." आणि हसला. शेजारचं गिऱ्हाईकही हसलं. मीही हसले असते, हा विनोद घरी आम्ही पण करतो. पण मी तेव्हा बॉक्स हातात धरून उभी होते आणि शोधत होते आयएसआयचा शिक्का. नव्हता. इम्पोर्टरची चिट्टी होती, तिच्यावर पुसट अक्षरं, वय 3 च्या वर, आणि चीनमध्ये बनवलेलं एवढं कळत होतं. मी विचारलं. तो म्हणाला जुना स्टॉक आहे. आता 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला आयएसआय मार्क असल्याशिवाय विकताच येत नाही, मग माल इथला असो की बाहेरचा. नियम येऊन इतकी वर्षं झाली, हा जुना स्टॉक संपतो कधी? एक स्टार तिथे गेला. पैसे परत नाहीत, बदलून नाही, आणि वर विनोद.

घरी आणून मी बाहुली स्वतःच शिवायला घेतली. फ्रॉक काढला, धड उलटं केलं आणि चष्मा लावला.

कापडाच्या आतल्या बाजूला, बरोबर डाव्या बगलेशी, एक लाल बाण चिकटवलेला होता. कागदी स्टिकर, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. टोक नेमकं उसवलेल्या जागेकडे.

मला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा मी सुई खाली ठेवली.

आमच्याकडे बाण नव्हते, खडू होता. गोट शिवून झाला की चटया चेकिंगच्या टेबलावर यायच्या. जिथे टाका सुटला, पट्टी वाकडी गेली, तिथे मी निळ्या खडूने फुली मारायची आणि चटई बाजूच्या ढिगात टाकायची. तो ढीग परत शिवणाऱ्या बायांकडे जायचा. शिवण नगावर होती, एका नगाला इतके पैसे, पण उसवून परत शिवायचे पैसे नाहीत. म्हणजे माझी एक फुली म्हणजे समोरच्या बाईची दहा मिनिटं फुकट. त्या बायांबरोबर मी डबा खायची. फुली मारताना हात जड व्हायचा, पण मारायचे. आणि दिवाळीच्या आधी, लग्नसराईच्या आधी ट्रक दारात उभा राहिला की सुपरवायझर यायचा, फुलीवर ओला फडका फिरवायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या ताई, चटई आहे, मंगळसूत्र नाही." ढीग गाडीत. फुली गेली, टाका तसाच.

सुरतेला लिंबायतमध्ये माझी नणंद राहते, तयार कपड्यांच्या युनिटात कामाला आहे. तिला व्हॉट्सअॅपवर बाणाचा फोटो पाठवला. तिचा लगेच आवाज आला, "आमनाकडे बी हाऊच बाण लावतस." चेकिंगवाली जिथे खोट दिसेल तिथे बाण लावते, दुरुस्त करणारी दुरुस्त करते आणि बाण काढून टाकते. बाण आत राहिला याचा अर्थ दुरुस्ती झालीच नाही.

म्हणजे तिकडे कुठेतरी एका बाईने ही बगल बघितली होती. दोन बोटांत धरून ताणून बघितली असेल, मी बघायचे तशी. तिने तिचं काम चोख केलं होतं. मग ट्रक आला असेल. तिकडे कंटेनर म्हणतात, एवढाच फरक.

शिवण काय चुकली होती तेही सांगते. दोरा चांगला आहे, पॉलिएस्टर, तुटलेला नाही. बगलेच्या गोलाईत कापड कमी पकडलंय. सुई कडेच्या इतकी जवळून गेली की चार टाके कडेबाहेरच पडले, कापडाचे धागे सुटले आणि शिवण निघून आली. गोलाईत मशीन हळू करावी लागते, कापड बोटाने वळवत न्यावं लागतं. सरळ शिवणीच्या वेगात गोलाई घेतली की हेच होतं. नवीन हात असेल तरी होतं, आणि जुना हात असला, पण दहावा-अकरावा तास असला, तरी होतं. टाका बघून यातलं नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. बाकी सगळ्या शिवणी मी तपासल्या. उजवी बगल सुरेख आहे. पाठीची शिवण, जिथून फायबर भरतात आणि मग हाताने बंद करतात, ती तर मला जमली नसती इतकी बारीक, टाका दिसतच नाही. शिवणारी नवीन होती असं काही मला वाटत नाही.

मग मात्र मी लेकीला म्हटलं, ही बाहुली बनते कशी ते मला मोबाइलवर शोधून दे. मराठीत फार सापडलं नाही, तिने इंग्रजीतलं वाचून सांगितलं. आठवडाभर रोज दुपारी आमचा हाच उद्योग. झोका बाजूला राहिला.

बाहुलीच्या डोक्याला सांधा का नाही ते त्यात कळलं. पातळ प्लास्टिक साच्यात ओततात, साचा भट्टीत फिरवत ठेवतात, आणि मऊ डोकं गरम असतानाच पकडीने धरून साच्याच्या लहानशा तोंडातून खेचून काढतात. खेचायला माणूस लागतो. केस ओवायला वेगळी मशीन असते, पण डोकं मशीन धरत नाही, बाई धरते. डोकं हातात घेऊन सुईखाली ओळीओळीने फिरवत न्यायचं. गोटाच्या मशीनवर माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीतून दोनदा सुई गेली होती, म्हणून मी तो व्हिडिओ पूर्ण बघितला नाही. ओठ, गाल रंगवायला चेहऱ्यावर धातूचा मुखवटा बसवतात, जिथे रंग हवा तिथेच भोक, आणि फवारणी. मुखवटा केसभर सरकला की पापणी वर जाते. आता नात ती आश्चर्याने बघणारी बाहुली घेऊन बसते तेव्हा मला तो मुखवटा बसवणारा हात दिसतो.

2007 साली चीनमधल्या खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं आणि जगभर बोंबाबोंब झाली, हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मॅटेल कंपनीने त्या ऑगस्टमध्ये जवळपास दोन कोटी खेळणी परत मागवली. त्यातली बहुतेक रंगासाठी नव्हतीच, सुट्या होणाऱ्या लोहचुंबकासाठी होती, आणि तो दोष डिझाइनचा होता, बनवणाऱ्यांचा नाही, हे कंपनीनेच सप्टेंबरात चीनची माफी मागताना कबूल केलं. पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलं. शिशाचा रंग मुलाने चाटला तर काय होईल, याची चिंता सगळ्या जगाने केली, करायलाच हवी. तोच रंग दिवसभर फवारणाऱ्या, तोच श्वासात घेणाऱ्या बाईचं काय, ते लेकीने वाचलेल्या बातम्यांत कुठे येईचना.

बाकी जे वाचलं ते मला नवीन वाटलं नाही, हेच वाईट. दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात खेळण्यांचे कारखाने, शांतौजवळचं चेंगहाई तर खेळण्यांसाठीच ओळखलं जातं. गावाकडून आलेल्या पोरी, कारखान्याच्याच खोल्यांत राहणं. पोरींना तिकडे दागोंगमेई म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या दारी कामाला आलेली बहीण. अमेरिका-युरोपच्या नाताळासाठी माल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बनतो, तेव्हा भरमसाट भरती. कायदा चांगला आहे, दिवसाला 8 तास आणि महिन्याला 36 तासांच्या वर ओव्हरटाइम नाही. चायना लेबर वॉच नावाच्या संस्थेची माणसं कारखान्यांत कामगार म्हणून शिरून माहिती काढत, त्यांच्या अहवालांत महिन्याला 100 तासांच्या वर ओव्हरटाइम सापडलेला आहे. आपल्याकडच्या कारखाना कायद्यात तरी काय होतं, दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, वरच्या कामाला दुप्पट पैसे. 1948 चा कायदा, नोव्हेंबर 2025 पर्यंत तोच होता. आमच्याकडे बारा तासांची पाळी होती आणि वरचे तीन तास साध्या दराने, तेही पगारात नाही, वेगळ्या पाकिटात. पाकिटावर नाव नसायचं.

खेळण्यांच्या धंद्याने 2004 पासून स्वतःची तपासणीची पद्धत काढलीय, कारखान्याला प्रमाणपत्र मिळतं. असेल, उपयोगही होत असेल. पण अहवालात होतं की तपासणीच्या आधी कामगारांना उत्तरं पाठ करून घेतात. तिथे मी आणि लेक एकदमच हसलो, कारण हा किस्सा तिने लहानपणापासून ऐकलाय. आमच्याकडे साहेब येणार असले की आदल्या रात्री मास्क वाटायचे. नवे कोरे, प्लास्टिकच्या पिशवीत. साहेब गेले की परत गोळा करायचे, मोजून. एकदा माझा एक कमी भरला तर पाच रुपये कापले.

आणि मग ते थायलंडचं निघालं.

10 मे 1993. बँकॉकच्या शेजारी नाखोन पाथोम प्रांतात केडर नावाचा खेळण्यांचा कारखाना. कापडी जनावरं आणि प्लास्टिकच्या बाहुल्या, माल बहुतेक अमेरिकेला. दुपारी चारच्या सुमाराला खालच्या मजल्यावर आग लागली. वर पोरी काम करत होत्या. पहिल्या इमारतीत धोक्याची घंटा वाजलीच नाही. लोखंडी सांगाड्याला आगीपासून वाचवणारं काही आवरण नव्हतं, कापड आणि फायबर सगळीकडे रचलेलं, पाव तासात इमारत बसली. दारं बंद होती. पोरींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 188 माणसं गेली, बहुतेक सगळ्या बाया, पुष्कळशा वीस-बावीसच्या.

त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला चीनमध्ये शेन्झेनला झिली नावाच्या खेळण्यांच्या कारखान्यात तेच. खिडक्यांना गज, दारांना कुलपं, 87 जीव. त्या कारखान्यात पोरींची घरून आलेली आणि घरी लिहिलेली पत्रं सापडली. पगार किती, तब्येत कशी, गावाला कधी येणार, असंच त्यात. आपण लिहू तसंच.

दारं बंद का ठेवतात, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. मला नाही वाटलं. आमच्या शेडला मागे एक शटर होतं, त्याला कायम कुलूप. दाण्याची चोरी होते म्हणून. दाणा म्हणजे प्लास्टिकचा, त्याचीच पट्टी ओढून चटई विणतात. मी कामाला लागले ते त्याच 93 सालच्या जूनमध्ये, म्हणजे ते थायलंडचं होऊन महिना झाला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शटरला लागून तयार चटयांची थप्पी छतापर्यंत. एमआयडीसीत चटईला आग लागली की काय होतं ते जळगावकरांनी लांबून बघितलंय, काळा धूर अजिंठा चौफुलीवरून दिसतो. आमच्याकडे 22 वर्षांत आग लागली नाही. नशीब, दुसरं काय.

हे वाचल्यावर मी परत मार्केटात गेले. भांडायला नाही, दुसरी बाहुली बघायला. दुसरं दुकान. तिथे आयएसआय मार्कची मिळाली, त्याखाली लायसन्स नंबर, भारतात बनलेली, 899 रुपये, एक रुपया कमी नाही. घेतली, कारण धाकट्या नातवालाही काहीतरी द्यायचंच होतं आणि मला दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या होत्या. तर ऐका. इथल्या बाहुलीचे केस चिकटवलेले आहेत. ओठांचा रंग एकदम नीट. शिवण सगळीकडे जाड, दुहेरी मारलेली, सुबक नाही, पण उसवायची नाही. गोलाईतही कापड पुरेसं पकडलंय. रंगाला वास नाही. नातवंडांसाठी घ्यायची तर हीच घ्या, माझं स्पष्ट मत आहे, आणि मार्क बघूनच घ्या. 2019 साली सरकारच्या क्वालिटी कौन्सिलने बाहेरून आलेली खेळणी तपासली तेव्हा तिनातली दोन नापास झाली होती. त्यानंतरच हा नियम आला आणि आयात करही 20 टक्क्यांवरून आधी 60 आणि मग 70 वर गेला.

पण तो मार्क काय बघतो? टोकदार आहे का, सुटा भाग घशात जाईल का, पेटतं का, रंगात शिसं आहे का. सगळं खेळणाऱ्या पोराचं. बनवणारीने किती तास काढले, तिच्या शेडचं मागचं दार उघडतं का, यातलं त्या शिक्क्यात काही नाही. मी दुसऱ्या दुकानदाराला विचारलं, ही बनवते कोण? त्याने बॉक्सवरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं. मी म्हटलं, ते नाही हो भाऊ, बनवतं कोण? तो माझ्याकडे बघत राहिला. बरा माणूस होता, उन्हात आलेय म्हणून पाणी दिलं.

इथली आहे म्हणजे तिथल्यापेक्षा बाईला बरं असेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी इथेच काम केलंय. आमची चटई जळगावची होती, आणि बायाही जळगावच्याच होत्या.

आता उपयोगाचं. दुकानात बाहुली किंवा कुठलंही कापडी खेळणं घेताना बगल आणि मांडीचा सांधा बघा, सरळ शिवण बघू नका, ती सगळ्यांची चांगली असते. दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरून हलकं ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या. फ्रॉक वर करून आत हात फिरवा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. बिल मागा. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे बिल नाही, हे मला आता कळलं.

पहिली बाहुली मी गोटाच्या नायलॉन दोऱ्याने शिवली, गोलाईत हळू, दोनदा. आता बाहुली फाटेल, ती शिवण फाटणार नाही. कापलेल्या दुसऱ्या स्टारचं मात्र तसंच राहिलं होतं. शिवणारीच्या नावावर टाकवेना, पाठीचा टाका बघितल्यावर तर नाहीच. चेकिंगवालीचा तर सवालच नाही. शेवटी मी तो बाण दिसत असूनही ज्याने बॉक्स बंद करायला लावला त्याच्या नावावर टाकला. त्याचं नाव बॉक्सवर नाही.

बाण मी फेकणार होते. नातीने मागून घेतला आणि टीव्हीच्या रिमोटवर बंद पडलेल्या बटणाशेजारी चिकटवला. तिला मी काही समजावलं नव्हतं. ती गेली धुळ्याला, बाण अजून आहे तिथे, बटणही तसंच.

सेल तीन लागतात, पेन्सिल सेल. बॉक्समध्ये येत नाहीत.